बर्फात पिकअप न्यायची तर टायरची चेन ग्वाल्हेरातच चढवून पाहा

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, आणि रोड टॅक्सच्या सवलतीमुळे आज ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या कितीतरी घरांची नवी गाडी याच मेळ्यातून दारात येते. त्यात आता पिकअपही बऱ्याच असतात. मेळ्याचे दिवस म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, ज्याला तिकडे चिल्लई कलान म्हणतात, तोही 21 डिसेंबरलाच सुरू होतो. ग्वाल्हेरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 थेट श्रीनगरला पोचतो, आणि मनालीला जायचं तर अंबाल्यापर्यंत रस्ता हाच. नवी गाडी, सुट्ट्या आणि सरळ रस्ता असं सगळं जुळून आलं की लोक निघतात.

टायरच्या चेनशी, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्यांशी, बहुतेकांची पहिली गाठ पडते ती गुलमर्गच्या पायथ्याच्या टनमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगच्या अलीकडे, पोलिसांनी गाडी अडवल्यावर. बर्फ पडलेला असताना गुलमर्गच्या 13 किलोमीटरच्या चढावर किंवा मनालीपुढच्या अटल बोगद्याकडे चेन किंवा फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी) असल्याशिवाय सोडत नाहीत. मग रस्त्याकडेला भाड्याने चेन मिळते, कोणीतरी दहा मिनिटांत ती चढवून देतं आणि आपण निघतो. ती चेन आपल्या टायरच्या मापाची आहे का, आतला हूक बसला आहे का, हे कोणी पाहत नाही. पुढे दोन वळणांवर ती सैल पडते, तेव्हा ती घट्ट कशी करायची हे गाडीत कोणालाच माहीत नसतं. म्हणून चेन घरूनच न्या आणि ती चढवायला घरीच शिका. सपाट अंगण आणि एक रविवार एवढं त्याला पुरतं.

बर्फ आणि बर्फ

मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो, पण गाडीसाठी त्याचे प्रकार वेगळे आहेत. ताजा पडलेला भुसभुशीत, गाड्यांनी दाबून घट्ट झालेला, आणि वितळून पुन्हा गोठलेला काचेसारखा. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, साधारण 0.7 ते 0.8 असतो. दाबलेल्या बर्फावर तो 0.2 ते 0.3 वर येतो आणि काचेसारख्या थरावर 0.1 च्या आसपास. म्हणजे जी गाडी कोरड्या रस्त्यावर दहा मीटरमध्ये थांबते, तिला दाबलेल्या बर्फावर तीस-चाळीस मीटर लागू शकतात आणि काचेवर त्याहूनही बरेच जास्त.

दाबलेल्या बर्फात चेनच्या कड्या रुततात आणि त्याला धरून चाक पुढे जातं. चेनचं खरं काम इथे होतं. काचेसारख्या थरावर तिचा उपयोग होतो, पण तेवढा नाही. शून्य अंशाच्या जवळचा बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी ऊन पडून वितळलेलं पाणी संध्याकाळी सावलीच्या वळणावर पुन्हा गोठतं, ती वेळ सर्वांत वाईट. दिवसाचा बेत असा करा की चारच्या सुमाराला तुम्ही मुक्कामाला असाल.

माप

टायरच्या बाजूवर 215/75 आर 15 किंवा 265/60 आर 18 असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आहे ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. चेन घेताना हे तिन्ही आकडे चेनच्या डब्यावरच्या यादीत सापडले पाहिजेत. नुसतं रिमचं माप जुळलं म्हणून, किंवा "सगळ्या पिकअपना चालते" असं कोणी म्हणालं म्हणून घेऊ नका. टायरवरचं माप वाचा, गाडीच्या कागदांवरचं नाही. मेळ्यातून गाडी घेतली की पहिल्या महिन्यातच रुंद टायर आणि अलॉय बसवायची हौस अनेकांना असते, आणि मग कंपनीच्या मापाची चेन त्यावर पुरत नाही.

रुंद टायरची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. चेनला टायरभोवती मोकळी जागा लागते. अमेरिकेतल्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गीकरणात सर्वांत कमी जागेत बसणारी चेन एस वर्गाची. तिलाही टायरच्या नक्षीवर 37 मिलिमीटर आणि बाजूला 15 मिलिमीटर जागा लागते. यू वर्गाला हेच आकडे 50 आणि 23 आहेत. पट्टी घ्या आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने मोजा. कमानपाटे (लीफ स्प्रिंग), शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर यांतलं टायरच्या सर्वांत जवळ काय आहे ते पाहा. मडगार्डची जागा सगळे पाहतात. नुकसान होतं ते आतल्या बाजूला. गाडीच्या पुस्तिकेत चेन वापरू नका असं लिहिलं असेल तर तो विषय तिथेच संपला.

प्रकार मुख्यतः दोन. शिडीसारखी चेन म्हणजे दोन बाजूंना दोन लांब साखळ्या आणि मध्ये आडव्या साखळ्या. ती स्वस्त असते आणि दुरुस्तीला सोपी, पण दोन आडव्या साखळ्यांच्या मधल्या जागेत टायर थेट बर्फावर टेकतो, त्यामुळे गाडी थडथडते आणि बाजूला घसरायला ती कमी अडवते. दुसरी चौकटीच्या जाळीची. तिचा काही ना काही भाग कायम जमिनीला टेकलेला राहतो, म्हणून वळणावर ती जास्त भरवशाची. डोंगरातल्या रस्त्यात वळणंच वळणं आहेत, तेव्हा परवडत असेल तर जाळीचीच घ्या. टायरवर चढवायचे कापडी मोजेही मिळतात, ते हलक्या कारला थोड्या अंतरापुरते ठीक. भरलेल्या पिकअपच्या चाकाखाली ते फार टिकत नाहीत.

कोणत्या चाकांना

ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते त्यांना, आणि नेहमी जोडीने. साध्या पिकअपमध्ये ती मागची दोन चाकं. फोर-बाय-फोर असेल तर चारही चाकांना लावणं उत्तम. एकच जोडी असेल तर पुस्तिका जे सांगते ते करा, आणि पुस्तिकेत काही नसेल तर मागे लावा. पुढेच चेन आणि मागे काही नाही अशी गाडी उतारावर ब्रेक लावताच मागून फिरते.

मागच्या चाकांना चेन लावली की गाडी चढते आणि मागून सरळ राहते. पण वळवणारी चाकं पुढची, ब्रेकचा जास्त भार घेणारी चाकंही पुढचीच, आणि ती दोन्ही अजून उघडी आहेत. त्यामुळे चढावर चेनवाली पिकअप इतकी छान चालते की चालवणाऱ्याचा विश्वास वाढतो आणि पहिल्याच उताराच्या वळणावर स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. वळणात ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, फक्त स्टेअरिंग.

मागचं वजन

रिकाम्या पिकअपचं निम्म्याहून जास्त वजन पुढे असतं. मागचा हौदा हलका असल्याने चेनच्या कड्या रुतायला लागणारा दाबच मिळत नाही. म्हणून वाळू. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण पाऊण भरेपर्यंत कोरडी वाळू भरली की ती चाळीस किलोंच्या आसपास होते, एका माणसाला उचलता येते. अशा तीन गोण्या, म्हणजे 120 किलो, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवा. अगदी मागे, फाळक्याला (हौद्याच्या मागच्या झडपेला) टेकवून ठेवल्या तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग आणखी बिघडतं. गोण्या हौद्याच्या कड्यांना पट्ट्याने बांधा. जोरात ब्रेक लागला तर सुटी गोणी केबिनवर आदळते.

वाळू कोरडीच हवी. ओली वाळू गोठून दगड होते आणि मग चाकाखाली टाकायला उपयोगी पडत नाही. ती बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. चंबळ अभयारण्यातून वाळू काढायला बंदी आहे, घडियालांची अंडी त्याच वाळूत असतात. आणि वजन वाढवायला मागे माणसं बसवू नका. ते बेकायदा आहे आणि घसरत्या गाडीत जिवावर बेतू शकतं.

अंगणातला सराव

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. चेन डब्यातून काढून जमिनीवर पसरा. कुठे पीळ, कुठे गाठ आहे ते हाताने चाचपून सोडवा. हुकांचं उघडं तोंड टायरपासून बाहेरच्या दिशेला असलं पाहिजे. गुळगुळीत पाठ टायरकडे. उलटं लावलं तर हुकाचं टोक टायरच्या बाजूला घासत राहतं, आणि टायर कापला जातो तो तिथे.

शिडीची चेन असेल तर ती टायरवर वरून घोंगडीसारखी टाका. आडव्या साखळ्या सारख्या अंतरावर, दोन्ही बाजूंना सारखी लोंबती ठेवा. पुढचं टोक टायरच्या पुढून जमिनीजवळ खोचा. आता ठोकळे काढून चालवणाऱ्याला गाडी फक्त अर्धं चाक फिरेल एवढीच पुढे घ्यायला सांगा. त्या वेळी कोणाचाही हात चाकाजवळ नसावा, आणि "थांब" कोण म्हणणार हे आधी ठरलेलं असावं. गाडी थांबली, हँडब्रेक लागला, ठोकळे परत लागले की दोन्ही टोकं चाकाच्या मध्यावर हाताला येतात. आधी आतला हूक. तो दिसत नाही, हाताने चाचपूनच लावावा लागतो. मग बाहेरचा. क्रम उलटा केला तर आत ओढायला ढिलाई उरत नाही आणि आतली बाजू सैल राहते. दोन्ही बाजूंना टोकाच्या सारख्याच कड्या उरल्या आहेत का ते मोजा. आत तीन आणि बाहेर सहा उरल्या असतील तर चेन तिरकी बसली आहे. ती पुन्हा काढा.

जाळीच्या चेनला बहुधा आतल्या बाजूला पोलादी दोरीचं कडं असतं, टोकांना रंग दिलेले. ते कडं जमिनीवरून चाकाच्या मागे सरकवायचं, दोन्ही टोकं वर घेऊन टायरच्या माथ्यावर जोडायची आणि जोडलेलं कडं टायरच्या मागे ढकलायचं. मग जाळी टायरवर पसरायची, बाहेरचा हूक वरच्या बाजूला लावायचा, ताणायची साखळी खटक्यातून ओढून घ्यायची आणि तिचं टोक समोरच्या कडीत अडकवायचं. इथे गाडी हलवायची गरज पडत नाही, बर्फात रुतलेल्या गाडीला हा मोठाच फायदा.

शेवटी ताण. शिडीच्या चेनला बाहेरच्या बाजूला फिरवायचे खटके असतील तर ते समोरासमोरचे जोडीने फिरवा. नसतील तर रबराचा ताणपट्टा गोल लावा. चेन हाताने वर उचलली तर बोटभरापेक्षा जास्त उचलली जाऊ नये. उरलेली लोंबती टोकं तारेने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बांधा. टायरमधली हवा सोडून चेन बसवू नका. हवा परत भरली की चेन टायरमध्ये रुतते, आणि भरली नाही तर ती फिरते.

आता गाडी अगदी सावकाश चाकाचे एक-दोन फेरे चालवा आणि दुसऱ्याला दूर उभं राहून आतला आवाज ऐकायला सांगा. कोरड्या जमिनीवर एवढंच. हा सगळा खेळ तीनदा करा. एकदा दिवसा उघड्या हातांनी, एकदा रबराचे जाड हातमोजे घालून, आणि एकदा जानेवारीच्या पहाटे, ग्वाल्हेरच्या धुक्यात, डोक्याला टॉर्च बांधून. तिसऱ्या वेळी काय कमी पडतं ते कळतं. गुडघ्याखाली घ्यायला गोणपाट, एक पक्कड, दोन जादा हूक, थोडी लोखंडी तार, फावडं. हे सगळं चेनच्याच पिशवीत राहू द्या, आणि ती पिशवी सामानाच्या वर.

तिकडे पोचल्यावर

चेन चाकं घसरायला लागण्याआधी लावायची. चढावर अडकल्यावर नाही. रस्ता पांढरा दिसायला लागला की पहिल्या रुंद, सपाट जागी रस्त्यापासून पूर्ण बाहेर थांबा. वळणाच्या पुढे लगेच नको, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही आणि त्याची गाडीही थांबणार नाही. धोक्याचे दिवे लावा आणि काम करताना रस्त्याकडे पाठ करू नका.

लावून झाल्यावर शंभर मीटर जा, थांबा, पुन्हा ताणा. चेन फिरल्यावर आपली जागा घेते आणि सैल होते. हे नेहमीच होतं, तुमचं काही चुकलेलं नसतं. जे या दुसऱ्या वेळी थांबत नाहीत त्यांचीच चेन तुटते. साधारण किलोमीटरभराने आणखी एकदा पाहा.

वेग ताशी तीसच्या खाली. चेनच्या डब्यावर बहुधा 50 ची मर्यादा लिहिलेली असते, ती चेनची मर्यादा आहे, रस्त्याची नाही. सुटताना दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. चाक जागेवर फिरू लागलं तर ताबडतोब ॲक्सिलरेटर सोडा, कारण फिरणारं चाक बर्फ घासून काच बनवतं, आणि अचानक कोरडा पट्टा आला की त्या झटक्याने कडी तुटते. उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने. ब्रेकखाली एबीएस थरथरला तर पाय काढू नका.

फोर-बाय-फोर असलेल्या बहुतेक पिकअपना मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसतो. म्हणून फोर-बाय-फोर फक्त निसरड्या रस्त्यावर, कोरड्या डांबरावर नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरबॉक्सवर येतो.

कोरडा रस्ता लागला की चेन काढा. अटल बोगदा 9.02 किलोमीटर लांब आहे आणि आत बर्फ नाही. तेवढं अंतर चेन लावून गेलात तर आडव्या साखळ्या झिजतात, थरथरीने हूक सुटतो, आणि आत थांबून काही करायची सोय नाही. बोगद्याच्या तोंडाआधी जिथे थांबू देतात तिथे काढा, पलीकडे सिस्सूच्या बाजूला गरज असेल तर परत लावा. कंटाळवाणं आहे, पण सराव असेल तर एका चाकाला पाच-सात मिनिटं लागतात.

आवाज ऐकत राहा

चेनचा एकसारखा खडखडाट चालायचा. त्यात मध्येच एका तालावर ठक-ठक असा वेगळा आवाज आला तर एखादी आडवी साखळी तुटून मडगार्डच्या आत आपटते आहे. लगेच थांबा. प्रत्येक फेऱ्याला ते टोक ब्रेकच्या पाइपवर बसत असतं, आणि पाइप फुटला तर घाटात ब्रेक जातो. तुटलेलं टोक तारेने शेजारच्या कडीला घट्ट बांधा किंवा जादा हूक लावा आणि चालण्याच्या वेगाने पुढच्या सपाट जागेपर्यंत जा. एबीएसचा दिवा लागला तर आधी चाकाजवळची वायर पाहा.

टायरमधल्या हवेकडे दुर्लक्ष होतं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआय कमी होतो. ग्वाल्हेरच्या 25 अंशांच्या दुपारी भरलेली हवा उणे पाचला पाच पीएसआयने कमी भरते. टायर मऊ पडतो आणि ताणलेली चेनही सैल होते. तिकडच्या पहाटे, गाडी हलवण्याआधी तपासा. नक्षी चार मिलिमीटरपेक्षा कमी उरलेल्या टायरवर बर्फात जाऊ नका. कायद्याची 1.6 मिलिमीटरची मर्यादा पावसाळी रस्त्यालाही जेमतेमच आहे.

डिझेलचंही तसंच. मैदानातलं डिझेल कडक थंडीत मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो, म्हणून टाकी कमी करत वर जा आणि तिथल्या पंपावर भरा. कूलंटमध्ये ग्लायकोल (पाणी गोठू न देणारं रसायन) निम्मं असेल तर ते उणे 37 पर्यंत गोठत नाही. ग्वाल्हेरात कोणी नुसतं पाणी ओतलं असेल तर निघण्याआधी बदला. रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओल्या केबल आणि ब्रेक गोठून चाक जाम होतं. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा.

परत आल्यावर

चेन गोणपाटात गुंडाळून तशीच ठेवली तर पुढच्या हिवाळ्यात गंजलेला गठ्ठा हाती येतो. चेनवरची मीठमाती गरम पाण्याने धुवा, दोन दिवस उन्हात टांगून वाळवा आणि तेलाचा हात फिरवा. प्रत्येक आडव्या साखळीची सर्वांत झिजलेली कडी शोधा. जाडी निम्मी उरली असेल तर ती साखळी बदला, आणि बदलायची एका चाकाची असली तरी दुसऱ्याचीही तपासा. रबराचे ताणपट्टे ओढून पाहा. चिरा दिसल्या तर नवे आणून आत्ताच पिशवीत टाका. चेन टांगूनच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी गाठी सोडवत बसावं लागणार नाही.